पोचेराव

मुंबईहून निघालेला महामार्ग कणकवलीच्या अलीकडे नांदगाव तिठ्यावर येतो, तिथे उजवीकडे देवगडचा रस्ता फुटतो. गणपतीत किंवा आंब्याच्या दिवसांत या तिठ्यावर चहा घेत दहा मिनिटं उभे राहा. पोचेरावांची गाठ पडणारच. चाकरमान्याच्या पांढऱ्या गाडीच्या मागच्या दारावर ते बसलेले असतात. रंग शाबूत, पत्रा मात्र बोटभर आत.

भर दुपारी गेलात तर दर्शन होणार नाही. डोक्यावरचा उजेड त्यांना मानवत नाही. संध्याकाळचं तिरकं ऊन पडलं की स्वारी खुलते. समोरच्या घराची कौलांची सरळ रेघ दारावर उमटते आणि नेमकी यांच्यापाशी येऊन वाकडी होते. पावसाळाभर लाल चिखलाखाली गुपचूप राहायचं आणि गाडी धुऊन पुसून पाहुण्यांसमोर उभी केली की डोकं वर काढायचं, ही दुसरी खोड. चिखलानं माखलेल्या गाडीत त्यांना रस नसतो. चकाकी हवी.

मुंबईत त्यांच्या जन्माची हकीकत कुणी धड सांगत नाही. 'पार्किंगमध्ये कोणीतरी ठोकली,' एवढंच. इथे आमच्याकडे कूळ-मूळ स्पष्ट असतं: नारळ, म्हैस नाहीतर गडगा.

नारळाचे पोचेराव टपावर नाहीतर बॉनेटवर उतरतात. त्यांच्या आगमनाचा संवाद घरोघरी एकच.

"माडाबुडी गाडी लावलंस?"

"सावली होती ना काका."

"माडाक डोळे असतत रे. माणसाच्या डोक्यार नारळ कधी पडना नाय."

"गाडीवर पडला की!"

"मगे? गाडी माणूस आसा?"

यावर उत्तर नाही. पन्नास फुटांवरून सुटलेला नारळ, हवेचा अडथळा सोडला तर, खाली पोचेपर्यंत ताशी 60 किलोमीटरच्या आसपास वेग घेतो. गाडीचा पत्रा असतो पाऊण मिलिमीटरच्या आगेमागे. तरी टपाचा पत्रा ऐसपैस असल्यानं कधीकधी आतून तळहातानं दाबलं की डब्याच्या झाकणासारखा 'टक' करून बाहेर येतो. मालक खूश. मग उन्हात नीट बघितलं की कळतं, पोचेराव गेले, पण चंद्रकोरीएवढी सही ठेवून गेले.

म्हशीचे पोचेराव सर्वांत सालस. खळ्यात उभ्या गाडीला म्हैस सावकाश अंग घासते, पाठ खाजवून निघून जाते. दार आत जातं, पण उथळ, पसरट, कुठेही कोपरा नाही. रंगाला ओरखडा नाही. कारागिरानं मागून घ्यावेत असे हे पोचेराव.

गडग्याचे मात्र जात्याच कजाग. पाणंदीतून गाडी काढताना कडेच्या कुंपणभिंतीच्या चिऱ्याची धार लागते. पत्रा तर दबतोच, वर रंगही सोलून निघतो. त्यांच्यापुढे रंग न लावता पोचा काढायचं सगळं कसब हात टेकतं. तिथे जुनाच मार्ग: ठोकून सरळ करा, लांबी भरा, घासा, फवारा. समुद्राकडच्या खाऱ्या वाऱ्यात उघडा पत्रा महिनाभर ठेवू नये. गंजाला आमंत्रण लागत नाही.

बाकीच्या दोघांना मात्र रंग न लावता घालवता येतं, आणि घालवावं. कारखान्यातला रंग तयार गाडीवर चढलेला नसतो. नागड्या पत्र्यावर आधी गंजरोधक थर, मग रंग, मग वरचं पारदर्शक कवच, हे सगळं मिळून मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. ते भाजतात सुमारे 140 अंशांवर, आतला गंजरोधक थर त्याहूनही जास्त तापमानाला. तेव्हा गाडीत ना सीट असते, ना वायरी. गॅरेजवाला तयार गाडी एवढी तापवायला गेला तर डॅशबोर्ड वितळेल, म्हणून तो 60-70 अंशांवर थांबतो. एका पोच्यापायी अख्खं दार घासून तो थर घालवायचा म्हणजे पोचेरावांची फारच बडदास्त झाली. शिवाय जुनी गाडी घेणारं गिऱ्हाईक लोहचुंबक घेऊन येतं. लांबी जाड भरलेल्या जागी चुंबक चिकटत नाही, आणि भाव तिथेच पडतो.

पोचेरावांचा स्वभाव तांबटांनी फार पूर्वी ओळखला होता. हंड्या-कळशीत हेच महाशय मुक्कामाला असत आणि मठारूनच त्यांना समजवावं लागे. एका दणक्यात ते जात नाहीत. दणका दिलात तर आतून बाहेर येतात आणि फोड होऊन बसतात. मोटारीत नवीन एवढंच, की वरचा रंग दुखावायचा नाही.

म्हणून कारागीर दाराची काच खाली करून फटीतून लांब वाकडी सळई आत सोडतो. बाहेर पट्ट्या-पट्ट्यांचा दिवा असा धरतो की पट्ट्यांचं प्रतिबिंब पोच्यावर पडावं. सळईचं टोक पत्र्याच्या मागे कुठे आहे, ते त्याला वाकलेल्या रेघेत दिसतं. तो थेट मध्यावर जात नाही. कडेकडेनं, रिंगणानं, एकेक हलका दाब देत आत सरकतो. दाब जरा चढला की बाहेर दाण्याएवढा उंचवटा येतो. मग नायलॉनच्या बोथट खुंटीवर हातोडी टेकवून तो परत बसवायचा. टक, टक, थांब, बघ. तास-दोन तास हेच. मालक मागे उभा राहून 'झालं का?' विचारत असतो. पोचेरावांना याची मजा वाटत असणार.

जिथे सळई पोचत नाही, आत लोखंडी आडवी पट्टी किंवा खांबाचा दुहेरी पत्रा असतो, तिथे वरून गरम डिंक लावून प्लॅस्टिकची गुंडी चिकटवतात आणि ओढतात. डिंक नंतर स्पिरिटनं निघतो. दाराच्या घडीवर, त्या धारदार रेघेवर ते बसले असतील तर मात्र चांगल्या चांगल्यांना घाम फुटतो. पत्रा तिथे एकदा कारखान्यात दुमडून ताठ झालेला असतो. तो सहजी ऐकत नाही. ॲल्युमिनियमच्या बॉनेटवर तर आणखी नखरे.

फोनवर एक व्हिडिओ फिरतो: केस वाळवायच्या यंत्रानं पत्रा तापवा, वर बर्फ ठेवा, पोचा गायब! पोचेराव असले उपाय शांतपणे बघून घेतात. उकळतं पाणी प्लॅस्टिकच्या बंपरवर चालतं, ते खरं. पण बंपरवरचे ते खरे पोचेराव नव्हेत, तोतये.

हे काम नीट जाणणारे हात अजून मोठ्या शहरांतच जास्त. परदेशात पोचेरावांचे भाऊबंद गारपिटीबरोबर येतात, एका टपावर शेकड्यानं. युरोप-अमेरिकेत ही विद्या त्यांच्यावरच पोसली. मराठवाडा-विदर्भात 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मोठी गारपीट झाली. कोकणात ती क्वचित. आमच्याकडे आभाळ नारळावर भागवतं.

विम्याशी पोचेरावांचं जुनं साटंलोटं. एकही दावा न करता पाच वर्षं काढली की गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर 50 टक्के सूट मिळते, पहिल्या वर्षानंतर 20. मुठीएवढ्या पोच्यासाठी दावा ठोकला की ती गेली. म्हणून शहाणा चाकरमानी आधी विचार करतो, मग मेव्हण्याला विचारतो, मग पुढच्या गणपतीपर्यंत तसाच फिरतो.

एवढ्या मानमरातबाची सवय झालेले पोचेराव एकाच ठिकाणी ओशाळतात: एसटीवर. जुन्या लाल गाडीच्या ॲल्युमिनियमच्या अंगावर ते दहा-पंधरा जणांनी गर्दी करून असतात, आणि त्यांना कोणी विचारत नाही. ना तिरकं ऊन बघायला कोणी वाकतं, ना कोणी जन्माची चौकशी करतं. तिठ्यावर गाडी मागे घेताना कंडक्टर नेमका त्यांच्यावर थापा मारत ओरडतो, "येऊ दे, येऊ दे!"