भिंतीवरची बंदूक

कांजूरमार्गच्या आमच्या इमारतीत घरफोडी झाली आणि आम्ही उभयतांनी रिव्हॉल्व्हर घेण्याचे मनावर घेतले. १९५९च्या शस्त्र कायद्यान्वये परवाना पोलीस आयुक्तांकडे मागायचा. पसंती कानपूरला बनणाऱ्या.३२ बोअरच्या सहाबारीला. एखादे काडतूस उडाले नाही, तरी चाप पुन्हा ओढताच पुढचे नळीसमोर येते. तिची विश्वासार्हता ती हीच. पण ठेवायची कुठे? उशाखाली ठेवावी, तर घरात सहा वर्षांची नात. कुलपात ठेवावी, तर किल्ली सापडेपर्यंत चोर थोडाच थांबणार? चेखॉव्हच्या मते पहिल्या अंकात भिंतीवर टांगलेली बंदूक पुढे उडालीच पाहिजे. नाटकाचा हा नियम आमच्या घराला लागू व्हायला नको होता. अर्ज कोराच राहिला. दाराला दुसरी कडी बसवली.