डोक्याचा हिशेब

आमच्या बेळगावात पाऊस आणि फुटबॉल बरोबरच येतात. जूनमध्ये तांबड्या मातीचा चिखल झाला, की क्रिकेटवाली मंडळी बॅटी माळ्यावर टाकतात आणि बाकीची पोरे बूट शोधू लागतात. मीही त्यातलाच. शाळेच्या संघात मी स्टॉपर म्हणून खेळत असे. पायांत फारसे कसब नव्हते. पण उंची बरी होती आणि भीती कमी होती. त्यामुळे समोरच्या गोलकीपरने मारलेला उंच चेंडू डोक्यावर घेऊन परत पाठवायचा, हे काम माझ्याकडे आले. आमच्या मराठी शाळेत याला ‘हेड मारणे’ म्हणत, आणि जो हेड मारतो तो शूर, इतका साधा हिशेब होता.

नववीत असतानाची गोष्ट. आंतरशालेय सामना होता, पाऊस धो धो कोसळत होता. उत्तरार्धात एक उंच चेंडू आला आणि मी उडी मारून तो कपाळावर घेतला, एवढे मला स्पष्ट आठवते. पुढे आम्ही तो सामना १-० असा जिंकलो. हे मात्र मला दुसऱ्यांनी सांगितले. शेवटची पंधरा-वीस मिनिटे आजही मला आठवत नाहीत. मी पडलो नव्हतो, रक्त आले नव्हते. मी म्हणे नीट खेळत होतो, आणि सामना संपल्यावर सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. घरी आईने विचारले, “डोळे का रे असे झालेत?” मी म्हणालो, “पावसात भिजलो की.” दोन दिवस उजेड सहन होत नव्हता. ते मी कुणालाच सांगितले नाही. कारण सांगितले असते, तर पुढच्या सामन्याला मला बसवले असते.

सहा वर्षांनी हे आठवायला कारण झाला माझा धाकटा भाऊ. तो नऊ वर्षांचा आहे आणि संध्याकाळी आमच्या भागातल्या मैदानावर फुटबॉल शिकायला जातो. तिथले सर कन्नड बोलणारे, एक पैसा न घेता पोरांसाठी राबणारे. पहिल्या आठवड्यात भाऊ घरी येऊन म्हणाला, “दादा, सर सारखे होडी, होडी असं का ओरडतात? मैदानात पाणी साचलंय म्हणून?” आम्ही पोट धरून हसलो. कन्नडमध्ये ‘होडी’ म्हणजे ‘मार’, हे त्याला समजावून सांगितले.

गेल्या पावसाळ्यात एकदा मी त्याला आणायला गेलो, तेव्हा ती ‘होडी’ मी प्रत्यक्ष पाहिली. दहा-बारा लहान मुले रांगेत उभी होती. सर हाताने चेंडू उंच फेकत आणि एकेकाने धावत येऊन हेड मारून रांगेच्या शेवटी जायचे. चेंडू मोठ्यांचाच होता. मी कुंपणापाशी उभा राहून सहज मोजू लागलो. माझ्यासमोर भावाची पाळी बावीस वेळा आली. शेवटी शेवटी तो तळहाताने कपाळ दाबून पुन्हा रांगेत जात होता. सायकलवर मी विचारले, “दुखतंय का रे?” तो म्हणाला, “थोडंसं. पण सरांना सांगू नको हं, मला काढतील.” हे वाक्य मी ओळखले. ते माझेच होते.

त्याच सुमारास आमच्या संख्याशास्त्राच्या सरांनी प्रकल्प दिला होता: एखाद्या प्रश्नावरचे आकडे जमवा, ते काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, ते लिहा. कुणी सोन्याचे भाव घेतले, कुणी पावसाचे. मी ‘फुटबॉलमधील हेडिंग आणि मेंदू’ हा विषय घेतला, तेव्हा वर्गात हशा पिकला. वाचायचे सारे इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेल्या माझ्यासारख्याची शब्दकोशाशी चांगलीच दोस्ती झाली.

सुरुवात झाली जेफ अॅस्टल या नावापासून. हा इंग्लंडचा आघाडीचा खेळाडू, वेस्ट ब्रॉमविच अॅल्बियन संघाचा लाडका, आणि हेड मारण्यात नावाजलेला. २००२ साली, वयाच्या अवघ्या ५९ व्या वर्षी, स्मृतिभ्रंशाने खंगून तो वारला. त्याच्या मृत्यूच्या चौकशीत कॉरोनरने कारण नोंदवले, ‘औद्योगिक रोग’. म्हणजे धंद्यातून जडलेला रोग. आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा शिकलो. त्याच्या परिशिष्टात अशा व्यावसायिक रोगांची यादीच होती. खाणीतल्या धुळीने फुप्फुसे जातात, तसा चेंडूने मेंदू गेला, असाच त्या निकालाचा अर्थ होता. २०१४ साली त्याचा मेंदू पुन्हा तपासला गेला, तेव्हा वारंवार हादरे बसणाऱ्या मुष्टियोद्ध्यांमध्ये दिसणारा विकार त्यात आढळला.

पण एका माणसावरून नियम ठरत नाही, हे आमचे सर पहिल्याच तासाला सांगतात. म्हणून आकड्यांकडे वळलो. ग्लासगोच्या संशोधकांनी २०१९ साली स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंची तुलना २३,०२८ सामान्य लोकांशी केली. मेंदूच्या ऱ्हासाच्या रोगांनी मृत्यू येण्याचे प्रमाण खेळाडूंत सुमारे साडेतीन पट निघाले. २०२१ साली त्याच संशोधकांनी खेळाडूंच्या जागा पाहिल्या. गोलकीपरांचा धोका सामान्य माणसांइतकाच होता. सर्वांत जास्त, म्हणजे सुमारे पाच पट, तो बचावपटूंचा होता. गोलकीपर चेंडू हाताने धरतो. बचावपटू तो डोक्यावर घेतो. मी स्वतः बचावपटू. ते पान वाचून झाल्यावर थोडा वेळ वाचनालयाबाहेर जाऊन उभा राहिलो.

असे का होत असावे? कवटीच्या आत मेंदू द्रवात तरंगत असतो. चेंडू आदळला की डोके झटका खाते, आणि आतला मेंदू हलतो, पिळवटतो. स्टर्लिंग विद्यापीठाने २०१६ साली १९ खेळाडूंना कॉर्नर किकसारख्या वेगाने आलेले चेंडू २० वेळा डोक्याने मारायला लावले. लगेच घेतलेल्या स्मरणशक्तीच्या चाचणीत त्यांची कामगिरी ४१ ते ६७ टक्क्यांनी घसरली. चोवीस तासांत ती पूर्ववत झाली, हेही खरे. जुना चामड्याचा चेंडू पाणी पिऊन जड होई, आताचा तसा होत नाही, असे आपण ऐकतो. पण खेळ सुरू होताना चेंडूचे वजन आजही ४१० ते ४५० ग्रॅम असावे लागते. लहान मुलांचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते आणि मान कोवळी. तेवढाच चेंडू त्यांना अधिक हलवतो.

आता आकडे काय सांगत नाहीत, तेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. साडेतीन पट म्हणजे प्रत्येक खेळाडूला रोग होतो असे नव्हे. त्या अभ्यासात अशा रोगाने मृत्यू आलेले खेळाडू शंभरात १.७ होते, इतर लोक ०.५. उलट हृदयविकाराने आणि फुप्फुसाच्या कर्करोगाने खेळाडू कमी मेले, आणि सत्तरीपर्यंत त्यांचे एकूण मृत्यूचे प्रमाणही कमी होते. खेळ शरीराला देतो बरेच. शिवाय ही सारी माणसे आयुष्यभर व्यावसायिक फुटबॉल खेळलेली. त्यावरून आठवड्यातून तीन दिवस खेळणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलाचे भविष्य काढता येत नाही. परीक्षेत मला खातेवहीतली एखादी नोंद आठवली नाही, तर तो नववीतल्या हेडचा दोष नसून अभ्यासाचा आहे, हे मी जाणतो!

मग करायचे काय? पुराव्याची वाट पाहायची? इथे मला आमच्याच शाखेने हात दिला. हिशेबशास्त्रात सावधगिरीचे तत्त्व आहे. होऊ शकणाऱ्या तोट्याची तरतूद आधी करा. न मिळालेला नफा मात्र जमेला धरू नका. तोटा झाल्याची खात्री पटेपर्यंत थांबणारा व्यापारी बुडतो. हेडिंगला हेच लावून पाहिले. समजा ते निरुपद्रवी आहे आणि आपण लहान मुलांचे थांबवले. तोटा काय? नवव्या वर्षी शिकायचे ते मूल बाराव्या-तेराव्या वर्षी शिकेल. तोवर पायाचे कसब वाढेल, म्हणजे तिथे थोडी जमाच. आणि समजा ते घातक आहे आणि आपण थांबवले नाही, तर तोटा साठाव्या वर्षी कळेल. तेव्हा तो भरून देणारा कायदा नाही, कारण मैदानावरचे पोर कुणाचाच कामगार नसते.

असा विचार इतरांनीही केला आहे. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने २०१५ साली दहा वर्षांच्या आणि त्याहून लहान मुलांना हेडिंग बंद केले, आणि ११ ते १३ वर्षांच्या मुलांना सरावात मर्यादा घातली. २०२० साली इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांच्या सरावातून ते काढले. २०२४-२५ च्या हंगामापासून इंग्लंडने लहान गटांच्या सामन्यांतूनही ते टप्प्याटप्प्याने काढायला घेतले. जिथे हा खेळ जन्मला, तिथली ही गोष्ट.

प्रकल्पाला चांगले गुण मिळाले. पण भाऊ रांगेतच होता. शेवटी धीर करून मी सरांकडे गेलो आणि कन्नडमध्ये सगळे सांगितले. सरांनी शांतपणे ऐकले. म्हणाले, “पंचवीस वर्षं मी हेड मारला, मला काय झालंय? आणि तालुक्याच्या निवडीत दुसरी पोरं हेड मारणार, आपली नुसती बघत उभी राहणार?” त्यांचेही खोटे नव्हते. मी म्हणालो, “सर, फक्त लहान गटापुरतं बघा.” त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, “रविवारी पालक येतात. तूच सांग त्यांना. दोन्ही भाषांत सांग.”

त्या पालकांत माझी आई होती, हे मी विसरलोच होतो.

मराठीत आणि कन्नडमध्ये मला अडचण एकच आली. जखम नाही, सूज नाही, रक्त नाही, अशा दुखापतीला आमच्या पोरांकडे दोन्ही भाषांत शब्द नाही. ‘डोक्याला लागले’ म्हटले, की लोक टाके शोधतात. आकडे सांगून पाहिले. पालक घड्याळ बघू लागले. तेव्हा मी नववीतला सामना सांगितला. न आठवणारी पंधरा-वीस मिनिटे सांगितली. घड्याळे खाली गेली. आईकडे मात्र मी पाहिले नाही.

आता लहान गटात हेडिंग बंद आहे. मोठ्या मुलांसाठी सरांनी हलका चेंडू आणला आहे आणि ते पाळ्या मोजतात. दोन पालकांनी ‘इथे भित्री पोरं तयार होणार’ म्हणून मुले काढून नेली. भाऊ चार दिवस माझ्याशी बोलला नाही. आई त्या रविवारी परत येताना एवढेच म्हणाली, “तेव्हाच का नाही सांगितलंस?” मी काहीच बोललो नाही.

आपल्या कॉलेजच्या संघातही हेड मारणारे मित्र आहेत. त्यांना खेळ सोडा असे मी म्हणणार नाही. मीही सोडलेला नाही. एवढेच सांगतो, की एखाद्या सामन्यानंतर उजेड टोचू लागला, किंवा खेळातला एखादा तुकडा आठवेनासा झाला, तर पुढच्या सामन्याचा विचार न करता त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि डॉक्टरांना दाखवा. मला सांगायला सहा वर्षे लागली.