आळ्याभोवतीचं गवत

गेल्या मे महिन्यात नाशिकमधल्या सातपूरच्या फाशीच्या डोंगरावर, आम्ही लावलेल्या रोपांसाठी पाण्याचा कॅन घेऊन चढताना माझा गुडघा गेला. तेव्हापासून एकच काम उरलं आहे: विळा घेऊन बसायचं आणि आळ्याभोवतीचं गवत काढायचं. नेमकं हेच काम मला इतक्या वर्षांत जमलेलं नाही.

गवत काढायचं किती? ऑगस्टमध्ये कुसळी कमरेला लागते, बेहड्याचं रोप खाली गुदमरतं. मुळापासून काढलं तर एप्रिलमध्ये उघड्या पडलेल्या मुरमाचा तवा होतो. तसंच ठेवलं तर दिवाळीनंतर वाळतं आणि एका विडीच्या थोटकाने वणवा लागतो. वीतभर ठेवून पाहिलं. फक्त पश्चिमेचं, दुपारच्या उन्हाकडचं, ठेवून पाहिलं. कापलेलं आळ्यात अंथरलं, तर वाळवी लागली.

मध्यंतरी कासवांची पिल्लं पाहायला वेळासला गेलो होतो. तिथे गवताचं दुसरंच काम दिसलं. कोकणच्या किनाऱ्यावर वाऱ्याने आलेली वाळू मर्यादवेल आणि रावणाच्या मिशांचं गवत अडवून धरतं. त्यातूनच टेकाड उभं राहतं. झुडपं आणि झाडं नंतर, त्यांच्या आडोशाने मागे येतात. त्या टेकाडांवर सुरू लावणारे आणि आपल्या डोंगरांवर मेक्सिकोकडचं गिरिपुष्प लावणारे, दोघांनाही लवकर हिरवं हवं होतं. आता चौरस मीटरला तीन-चार रोपं कोंबणारी मियावाकी जंगलं आली. मला तीही घाईच वाटते.

पण घाई माझीही होती. माझी आळी ताटासारखी गोल आणि स्वच्छ असायची. 5 जूनला, पर्यावरण दिनी, फोटो काढायला लोक माझ्याच ओळीत येत. लांबून ती ओळखू येई, याचा मला फार अभिमान होता. उन्हाळ्यात सगळ्यात जास्त रोपंही तिथलीच गेली, हे मी कुणाला सांगितलं नाही.

दोन वर्षांपूर्वी एक कॉलेजची मुलगी येऊ लागली. ती गवत कापतच नाही, रोपाभोवतीचं पायाने दाबून आडवं करते. तिची ओळ गबाळी दिसते म्हणून मी तिला रागावलो होतो. "काका, रोपाला ऊन मिळालं ना?" एवढंच ती म्हणाली. यंदा मेअखेरीस तिच्या ओळीतले ऐन आणि अर्जुन हिरवे होते.

या पावसाळ्यात माझ्या ओळीतही गवत आडवंच होणार. वणवा अडवणाऱ्या जाळरेषेवरचं मात्र मुळापासून काढावं लागतं, आणि ते एकट्याचं काम नाही. दिवाळी झाली की रविवारी सकाळी विळा घेऊन डोंगरावर या.