बेंगळुरूत एक दिवस उतरावं

उन्हाळ्यात मुलाबाळांकडं लंडनला, जर्मनीला जाऊन परतणाऱ्या बेळगाव, निपाणी, मिरजेकडच्या माणसाच्या वाट्याला बेंगळुरूचा एक दिवस हमखास येतो. युरोपातून येणारी बरीच विमानं इथं मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे उतरतात आणि राणी चन्नम्मा एक्स्प्रेस सुटते रात्री. मधला दिवस आपल्यातले बहुतेक जण बाकड्यावर, बॅगांना टेकून, मोबाइल बघत काढतात. महिनाभर परक्या गावात नकाशा हातात घेऊन एकेक पूल, एकेक चर्च बघत हिंडलेली हीच माणसं. हा दिवस असा घालवू नये, असं मला मनापासून वाटतं. परतीच्या वाटेवर मराठी माणसानं डोळे उघडे ठेवून फिरावं असं शहर कोणतं, तर बेंगळुरू. इथली जूनमधली हवा आणि इथला दोसा यांच्यासाठी तर उतरावंच, पण खरं कारण वेगळं आहे. आपला इतिहास महाराष्ट्राबाहेर, दुसऱ्या भाषेच्या मुलखात कसा नांदला, हे इथं अर्ध्या दिवसात पायी कळतं.

विमानतळाच्या आवारातच 108 फुटी केंपेगौडांचा पुतळा उभा आहे. तो घडवणारे राम सुतार धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे. या केंपेगौडांनी 1537 मध्ये मातीचा कोट घालून पेठ वसवली. शंभर वर्षांनी, 1638 मध्ये, विजापूरचा सरदार रणदुल्लाखान आणि शहाजीराजे यांनी ती त्यांच्या वंशजाकडून घेतली आणि शहाजीराजांची जहागीर इथं सुरू झाली. जिजाबाई आणि बाल शिवाजीराजे काही काळ इथं राहिले. बारा वर्षांच्या शिवबाला वडिलांनी हत्ती, घोडे, निशाण आणि कारभारी देऊन पुण्याला पाठवलं, असं परमानंदाच्या शिवभारतात येतं. स्वराज्याच्या गोष्टीची सुरुवात आपण पुण्यापासून करतो, पण पुण्याकडं निघालेली ती स्वारी निघाली होती इथून. पुढं शहाजीराजांचे पुत्र एकोजीराजे तंजावरला गेले आणि 1687 च्या सुमारास तीन लाख रुपयांच्या व्यवहारात हे शहर म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांकडं गेलं. सुमारे पन्नास वर्षांचा हा काळ. आपल्या शाळेच्या पुस्तकात तो एखाद्या ओळीत संपतो.

इथं दिवसभर उतरण्यावर पहिला आक्षेप थकव्याचा, आणि तो खोटा नाही. लहान मूल कडेवर असेल किंवा सोबत सत्तरीतले आईवडील असतील, तर मिळेल त्या गाडीनं घर गाठावं, त्यात वाद नाही. पण धडधाकट माणसाला पहाटे उतरून दिवसा झोप काढण्यापेक्षा उजेडात चालणंच मानवतं. चुकलेलं घड्याळ त्यानंच लवकर ताळ्यावर येतं. दुसरा आक्षेप ट्रॅफिकचा. बेंगळुरू म्हटलं की सिल्क बोर्डचा चौक आणि तासन्‌तास अडकलेल्या गाड्या डोळ्यांपुढं येतात. तो त्रास खरा, पण तो मुख्यतः नव्या शहराचा. जुनं शहर मेट्रोच्या हिरव्या मार्गावर ओळीनं बसलं आहे: मल्लेश्वरमसाठी मंत्री स्क्वेअर संपिगे रोड, मग मॅजेस्टिक, चिकपेट, के. आर. मार्केट, नॅशनल कॉलेज, लालबाग. विमानतळावरून वायुवज्रची बस मॅजेस्टिकला येते. समोरच्या रेल्वे स्टेशनच्या क्लोकरूममध्ये सामान ठेवता येतं. बॅगेला कुलूप मात्र हवं, नाहीतर घेत नाहीत. ज्यांच्याकडं चार-पाचच तास आहेत त्यांनी शहरात शिरू नये. त्यांच्यासाठी विमानतळाच्या शेजारीच देवनहळ्ळीचा किल्ला आहे. टिपू सुलतान जन्मला ते हे गाव. इथला चकोत, म्हणजे आपलं पपनस, भौगोलिक मानांकन मिळालेला आहे.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. बघायला उरलंय काय? चिकपेटेत शहाजीराजांचा गौरीमहाल होता असं सांगतात. आज तिथं साड्यांची दुकानं आहेत. कोट गेला, वेशी गेल्या. हे सगळं मान्य. पण परदेशात आपण पैसे मोजून जे बघतो, त्यातलंही कितीतरी पाटीवाचून कळत नाही. इथं पाट्या दुकानांवरच आहेत, फक्त त्या कानानं वाचायच्या. अक्की म्हणजे तांदूळ, म्हणून अक्कीपेट. अरळे म्हणजे कापूस, ती अरळेपेट. बळे म्हणजे बांगडी, ती बळेपेट. पुण्याच्या पेठा वारांच्या आणि माणसांच्या नावानं ओळखल्या जातात, इथल्या मालाच्या नावानं. पेठ आणि पेटे हा शब्द दोन्हीकडं एकच. गल्ली इतकी अरुंद, की हातगाडी आली की माणसं दुकानाच्या पायरीवर चढतात. वर तारांचं जाळं, खाली गाठोडी उलगडणारे गुमास्ते, आणि एकाच गिऱ्हाइकाशी कन्नड, तेलुगू, हिंदी असं बदलत चाललेलं बोलणं. ज्या बाजाराच्या जिवावर ती जहागीर चालली, तो बाजार आजही चालू आहे. महालापेक्षा ही खूण मला मोठी वाटते.

चौथा आक्षेप सर्वांत नाजूक, कारण आम्ही सीमाभागातली माणसं. बेंगळुरूत जाऊन मराठ्यांच्या खुणा शोधणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात आपली मालकी सांगणं, असं कुणाला वाटू शकतं. कुणी तसं करतही असेल. पण इथला पुरावा नीट पाहिला तर तो मालकीच्या बाजूनं बोलत नाही. मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर देवळाला मेदरनिंगनहळ्ळी गाव दान दिल्याचा शिलालेख आहे. साल 1669, देणारा शहाजीराजांचा मुलगा एकोजी, आणि लेख कन्नडात. वेरूळच्या भोसल्यांच्या घरातला माणूस इथल्या देवाला इथल्या भाषेत दान लिहून देतो. कारण तो लेख वाचणारे लोक कन्नड होते आणि दान टिकवायचं तर ते त्यांना कळायला हवं होतं. याच घराण्याच्या दरबारात जयराम पिंडे याचं राधामाधवविलासचंपू हे काव्य आकाराला आलं. वि. का. राजवाड्यांनी 1922 मध्ये ते प्रसिद्ध केलं. त्यात संस्कृताबरोबर अनेक देशभाषांतल्या रचना आहेत, आणि जयराम स्वतः बारा भाषा जाणणारा म्हणून ओळखला जातो. म्हणजे इथं मराठी होती, पण ती एकटी नव्हती आणि तिला एकटं असायचंही नव्हतं. सीमेवर वाढलेल्या माणसाला ही गोष्ट कुठल्याही भाषणापेक्षा जास्त उपयोगाची आहे, असं मी पूर्ण गांभीर्यानं म्हणतो.

काडु मल्लेश्वराच्या देवळासमोर, रस्त्यापलीकडं, नंदीतीर्थ आहे. पायऱ्या उतरून खाली जावं. दगडी नंदीच्या मुखातून पाण्याची बारीक धार पडते, ती खालच्या शिवलिंगावर, आणि तिथून पुढं कुंडात. हे सारं मातीखाली गाडलेलं होतं; 1997 मध्ये खणल्यावर वर आलं. सकाळी तिथं गर्दी नसते. तिकीट नाही, रांग नाही, गाइड नाही. धारेचा आवाज ऐकत दहा मिनिटं बसता येतं.

दुपारचं खाणं लालबागेजवळ एमटीआरमध्ये. 1924 पासूनचं हे उपाहारगृह. दुसऱ्या महायुद्धात तांदूळ मिळेना तेव्हा रवा इडली आपणच काढली, असं ते सांगतात. मग लालबागेतल्या खडकावर चढावं. सुमारे तीनशे कोटी वर्षांचा हा दगड, आणि त्यावर केंपेगौडांचा छोटा बुरूज. एवढं झाल्यावर चिकपेटेसाठी संध्याकाळ उरते. परदेशातून आणलेल्या चॉकलेटांबरोबर बळेपेटेच्या चार बांगड्याही घरी न्याव्यात. चिकपेटेहून मॅजेस्टिक मेट्रोनं एकच स्थानक, स्टेशन तिथंच. रात्रीची गाडी सकाळी बेळगावात पोचते.