२८ इंचांची हवा

साखर कारखान्यात पाक उकळवायच्या व्हॅक्यूम पॅनच्या डायलवर ३० इंचांपर्यंत आकडे छापलेले असतात. माळेगाव असो की भवानीनगर, आमच्या बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात त्यातले शेवटचे दोन शोभेपुरतेच. समुद्रकाठची हवा तीस इंच पारा पेलते. इथे पाच-साडेपाचशे मीटर उंचीवर जेमतेम २८. हवाच २८ इंचांची, तर उपसणार किती? काटा त्याच्या पुढे गेला, तर गेज बदलून घ्यायचं.

पॅनवर येणारी पोरं बहुधा बॉयलरवरून आलेली असतात. तिथे गेज ४५ किलो दाखवतं. बाहेरच्या हवेचा एक किलो धरला काय, सोडला काय. पॅनवर सगळा खेळ त्या एका किलोच्या आतला. गेज सांगतं, आतला दाब बाहेरच्यापेक्षा किती कमी. पाक उकळतो तो आत उरलेल्या दाबावर. समुद्रकाठी २६ इंच ओढले, तर आत चार उरतात आणि निव्वळ पाणी ५२ अंशांना उकळतं. इथे तेच २६ ओढा, उरतात दोन. पाणी ३९ च्या आतच उकळी धरतं. पाक त्याहून दहाएक अंश वर असतो, तरी गारच. गार मॅसेक्युट, म्हणजे दाणे आणि पाकाचं मिश्रण, घट्ट होतं, फिरत नाही, मूळ दाण्याभोवती बारीक रवा सुटतो. म्हणून आम्ही २४ वर थांबतो.

गुऱ्हाळाच्या काहिलीला गेज नसतं. उघड्यावर पाक ११५ अंशांपुढे जातो, लाल होतो. गुळाला ते चालतं, साखरेला नाही. एडवर्ड हॉवर्डने इंग्लंडात १८१३ च्या सुमारास बंद पॅनमधली हवा उपसली ती त्यासाठीच.

दुपारी पॅनची वाफ निववणाऱ्या कंडेन्सरला जाणारं स्प्रे पाँडचं पाणी तापलं की काटा उतरतो, पाक तापतो. तेव्हा प्रूफ स्टिक, म्हणजे नमुना काढायची दांडी, ओढायची, काचेवर थेंब फासून बल्बसमोर धरायचा. दाण्याच्या कडा धारदार असल्या तर ठीक. गोलसर झाल्या, तर दाणा विरघळतोय.

कंडेन्सरखालची उभी पाइप दहा मीटरहून उंच ठेवतात, कारण बाहेरची हवा तिच्यात पाणी साडेनऊ-पावणेदहा मीटर चढवू शकते. उजनीच्या फुगवट्यावरून पाणी उचलणाऱ्या पळसदेवकडच्या शेतकऱ्यांना हा हिशेब वेगळा शिकवावा लागत नाही. सहा-सात मीटरच्या वर सक्शन धरत नाही, हे त्यांना ठाऊक असतं. उन्हाळ्यात पाणी हटलं की ते मोठी मोटार आणत नाहीत, आहे तीच खाली नेतात.