कागदावरची वेळ

सातारा हिल हाफ मॅरेथॉन झाली की आमच्या क्लबाचा सत्कार समारंभ. समारंभ म्हणजे कुणाच्या तरी गच्चीवर सतरंजी, मिसळीचं पातेलं, कंदी पेढ्यांचा पुडा आणि आम्हाला पळवणाऱ्या सरांच्या हातात वेळांचा कागद. एरवी ऑफिसात दहा जणांना झापणारी माणसं त्या कागदातून आपलं नाव येईपर्यंत चुळबुळत बसतात. माणसाला दहावी-बारावीच्या निकालाला पेढे मिळतात, नंतर लग्नात एकदा. पुढचे सगळे पेढे पोरांच्या नावाचे. पंचेचाळिशीतल्या माणसाच्या पाठीवर ‘शाब्बास’ म्हणून थाप मारायचं कुणाच्या मनातच येत नाही, आणि त्याची भूक तर तशीच असते.

ही शर्यत २०१२ साली सुरू झाली. त्याच वर्षी कासचं पठार जागतिक वारसा यादीत गेलं. शर्यतीचा रस्ताही तिकडचाच. समर्थ मंदिरावरून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या दिशेनं जाऊन अर्ध्यावर वळायचं आणि उतरत गावात यायचं. एकूण एकवीस किलोमीटर आणि वर थोडंसं. नवख्याला वाटतं, एकदा चढ संपला की सुटलो. खरा हिशेब उतारावर होतो. प्रत्येक पावलाला मांड्या ब्रेक लावत असतात. त्यांचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावतात, म्हणून दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. बोटं बुटाच्या टोकावर आपटत राहतात ती वेगळीच. आमचे एक कंडक्टर सत्काराच्या दिवशी मेडल घरी विसरतात, पण चप्पल काढून अंगठा दाखवायला विसरत नाहीत. नख मधोमध काळं, कडेला जांभळं, मुळाशी पिवळट. बघणारे ‘नादच खुळा’ म्हणतात आणि मग हळूच आपापले मोजे काढतात.

छातीवरच्या नंबराच्या पट्टीवरची, म्हणजे बिबवरची, चिप मला फार आवडते. सुरुवातीच्या मॅटवर पाय पडला की तुमचं घड्याळ सुरू, शेवटच्या मॅटवर बंद. गर्दीत मागे उभं राहिलात म्हणून तुमचं एक सेकंद बुडत नाही. चिपला वशिला चालत नाही, साहेबांची चिठ्ठी चालत नाही. आपल्याकडे अशा जागा किती उरल्यात, मोजून बघा.

हे सगळं कौतुक आपल्या मापानंच घ्यायचं, हेही खरं. याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली आणि दहावी आली. त्या पळण्यापुढे आमचं पळणं म्हणजे भाजी आणायला निघाल्यासारखं. पण म्हणून पेढा कमी गोड लागत नाही.

एक गोष्ट मात्र खटकते. पहिल्या नंबरांसाठी टाळ्या कडाडतात. मागून आलेल्यांचं नाव आलं की लोकांचा आवाज एकदम मऊ होतो, आजाऱ्याला भेटायला गेल्यासारखा. या वेळी आमच्यातल्या एका निवृत्त बाईंचं नाव आलं तेव्हा कुणीतरी म्हणालं, “बाई, या वयात पूर्ण केलंत, हेच खूप झालं.”

बाई उठल्याच. “खूप कसलं? गेल्या खेपेपेक्षा चार मिनिटं कमी लागलीत. ते वाचा की कागदावरचं!”

सरांनी वाचलं. मिनिटंच नाही, सेकंदंसुद्धा. मग ज्या टाळ्या पडल्या त्या बरोबरीच्या माणसाला द्यायच्या टाळ्या होत्या. बाईंनी दोन पेढे घेतले. दुसरा मागून घेतला.

पातेलं खरवडून झालं तसं सरांनी पुढच्या रविवारचं जाहीर केलं. पहाटे पाचला, पुन्हा घाट.

“सर,” कंडक्टर पायाकडे बघत म्हणाले, “नख तरी येऊ द्या.”

“नख घरी ठेवून या,” बाई म्हणाल्या.