छाट

कामठ्याच्या घरी माय ओसरीत मांडीवर सूप घेऊन बसायची. रात्री भिजवून ओल्या पोत्यात ठेवलेली तेंदूची पानं पत्र्याच्या फर्म्यावर कापायची. मग चिमूटभर जर्दा, एक वळसा, टोक आत मुडपायचं, दोऱ्याची गाठ. दिवसाला हजाराच्या आसपास बिड्या व्हायच्या. रोवण्याच्या दिवसांत बांधीत वाकून धानाचे परे लावून आल्यावर हेच.

तिचा उजवा खांदा दुखायचा. एवढ्या कामानं दुखणारच. पण त्या दुखण्याची वेळ वेगळी होती. हजार बिड्या वळून ती खांदा झटकून उठायची, चूल पेटवायची. ज्या संध्याकाळी ठेकेदार खराब म्हणून बिड्यांची छाट काढी, त्या रात्री मात्र तिचा हात वर जात नसे. वेणी बहीण घालून द्यायची. "हजार वळल्या त दुखत नाही, दोनशे छाटल्या त दुखते," ती म्हणायची. आम्हाला वाटायचं, रागानं बोलते.

छाटलेल्या बिडीची मजुरी नसे. पान फाटकं मिळालेलं, जर्दा कमी मिळालेला, आणि दोष तिच्या बोटांचा. 1966 च्या विडी व सिगार कामगार कायद्यात अशा वादाच्या निवाड्याची तरतूद होती. आमच्या ओसरीपर्यंत ती कधी आली नाही.

मी नागपुरात कचेरीत लागलो आणि काही वर्षांनी माझी मान धरली. एक्स-रेत काही निघालं नाही. सोमवारी टार्गेटची बैठक असे आणि मान रविवारी रात्रीच आखडे. ओळखीतले म्हणाले, मनाचं आहे. त्या शब्दाची मला आजही चीड येते. दुखत होती ती मानच.

अमेरिकेतल्या हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर या मानसतज्ज्ञानं 1974 मध्ये कामानं आतून जळून गेलेल्या माणसांवर लिहिलं आणि 'बर्नआउट' हा शब्द रूढ झाला. 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याची व्याख्या केली: त्राण संपणं, कामाचा उबग येणं, आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. धडधाकट नोकरदारांवर काही वर्षं लक्ष ठेवणाऱ्या अभ्यासांतही दिसलं, की असे जळालेले लोक पुढे पाठ-मान-खांद्याच्या दुखण्यात जास्त सापडतात. ताणानं स्नायू सैल पडत नाहीत, झोप तुटते, आणि झोप तुटलेल्या शरीराला थोडी कळही जास्त लागते.

आपली भाषा हे ओळखून होती. जबाबदारी खांद्यावर येते, कर्जानं कंबर मोडते, अपमानानं मान खाली जाते. मायचा खांदा हजार बिड्यांचं ओझं उचलत होता. त्या वाया गेल्या असं कोणी म्हटलं, की मग तो पडायचा.

मागच्या दिवाळीत कामठ्याला गेलो. बिड्या सुटून आता बरीच वर्षं झाली आहेत. मी ओसरीत मान चोळत बसलो होतो. माय मागे येऊन बसली, अंगठ्यानं शीर दाबली.

"साहेब बोलला का रे?"